इमानाचं बारसं

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांच्यात फक्त एका टिंबाचा फरक आहे. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते आणि नाव ठेवते. पुढं जन्मभर गाव त्याला नावं ठेवत राहतं. आमच्या वज्रेश्वरीच्या पट्ट्यात, तानसा नदीच्या दोन्ही अंगांच्या गावांत, पूर्वी नाव ठेवण्याचं एक शास्त्रच होतं. पहिली दोन-तीन पोरं जगली नाहीत, तर पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, केरू नाहीतर भिकू ठेवायचे. चांगलं नाव ऐकलं तर यमाची नजर पडेल, केरकचऱ्याला कोण हात लावतो, असा हिशेब. नाव हलकं, पण त्यामागं आईचा जीव केवढा टांगलेला! उलट ज्या घरात चूल पेटायची मारामार, तिथं लक्ष्मी आणि सोनूबाई. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण अशाच कुठल्या तरी दारातून बाहेर पडली असणार.

जनावरांचंही तसंच. बैलाला नाव हवंच: सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या. गाईला तर हवंच हवं. पण विकायच्या बोकडाला नाव द्यायचं नाही, ही आमच्या आजीची सक्त ताकीद. “नाव दिला का तो आपला झाला. मंग कसायाच्या हातात दोरी देताना तुमचाच हात कापंल,” असं ती आम्हा पोरांना बजावायची. आम्ही चोरून नाव ठेवायचो, आणि व्यापारी आला की रडायचो. नाव देणं म्हणजे नातं लावणं, आणि नातं लागलं की सुरी जड होते, हे मला शाळेच्याही आधी गोठ्यानं शिकवलं.

म्हणूनच लढाऊ विमानांची नावं मला फार विचारात पाडतात. तिथं सगळं उलटं आहे. मारण्यासाठी बनवलेल्या यंत्राला नाव असतं, लाडाचं, देवाचं, कधीकधी घरातल्या माणसाचंसुद्धा; आणि ज्याच्यावर ते जाऊन पडतं त्याला नाव नसतं. 

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटची बातमी आली, तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. एक चुणचुणीत पोरगा उठून म्हणाला, “गुरुजी, मिराजला आपल्या वायुदलात वज्र म्हनतात. म्हंजे ते आपल्या देवीचं विमान ना?” वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्याची माहिती बरोबर होती. १९८५ पासून आपल्याकडं असलेल्या फ्रेंच मिराज-२००० ला आपण ‘वज्र’ असं नाव दिलं आहे. आणि वज्रेश्वरी म्हणजे वज्राची ईश्वरी. मग विमान देवीचं झालं की नाही? त्या दिवशी मी पोरांना देवीची मूळ गोष्ट सांगितली आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. ती गोष्ट पुढं येईलच. पण त्या प्रश्नानं मला एक छंद लावला. कुठल्या विमानाचं नाव काय, ते कुणी ठेवलं, का ठेवलं, हे मी वाचत गेलो, विचारत गेलो.

विमान या शब्दाशी माझी ओळख मात्र फार आधीची. १९७१ च्या डिसेंबरात मी नऊ वर्षांचा होतो. मुंबई जवळ, म्हणून रात्री उजेड बाहेर दिसू द्यायचा नाही. आमच्या घरी वीज नव्हती, तरी कंदिलाच्या काचेला काळा कागद गुंडाळलेला असायचा. अंधारात कुठून तरी घरघर यायची आणि आजी म्हणायची, “इमान आला.” आमच्याकडची जुनी माणसं विमानाला इमानच म्हणत. मी एकदा विचारलं, “आपला का त्यांचा?” ती म्हणाली, “माला काय ठावं? कोनाचा बी असंल. इमान हाय ना, मंग गेला तसा परत आला पायजे.” तिला विमानांतले प्रकार माहीत नव्हते. पण आत बसलेला कुणाचा तरी पोरगा आहे आणि त्यानं घरी यावं, इतकं तिला पुरेसं होतं. विमानाला पडलेल्या नावांत हे नाव मी फार वर ठेवतो, जरी ते कुठल्याच यादीत नाही.

आता यादीकडं येऊ. बाळाचं नाव आत्या ठेवते, पण विमानाची आत्या कोण? कधी कारखानदार. इंग्रजांच्या प्रसिद्ध स्पिटफायर विमानाचं नाव विकर्स कंपनीच्या अध्यक्षांनी आपल्या तापट, चटपटीत लेकीच्या लाडक्या नावावरून सुचवलं. कधी पंतप्रधान. आपल्या हलक्या लढाऊ विमानाला २००३ साली अटलबिहारी वाजपेयी यांनी ‘तेजस’ हे नाव दिलं. आणि कधी शत्रूही. रशियन विमानांना अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी आपली वेगळी सांकेतिक नावं ठेवली. लढाऊ असेल तर नाव इंग्रजी एफ अक्षरानं सुरू करायचं, बॉम्बफेकी असेल तर बी अक्षरानं. मिग-२१ झालं ‘फिशबेड’, म्हणजे शब्दशः माशांचा थर. मिग-२७ झालं ‘फ्लॉगर’, म्हणजे फटके मारणारा. मिग-२९ झालं ‘फल्क्रम’, म्हणजे टेकू. हे नाव ठेवणं नव्हे, ही नावं ठेवणंच झालं!

काही नावं तर नुसती आडनावं असतात. मिग हे मिकोयान आणि गुरेविच या दोघा अभियंत्यांच्या आडनावांचं मिळून झालेलं आहे. सुखोई हेही अभियंत्याचं आडनाव, पावेल सुखोई यांचं. आमच्या बाजारात एक जण मला म्हणाला होता, “सुखोई म्हंजे सुख देनारं.” मी त्याला सांगितलं, बाबा, रशियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ सुका. आपला ‘सुका’ आणि त्यांचा ‘सुखोई’ हे लांबचे भाऊबंदच आहेत, दोघांचं मूळ संस्कृत ‘शुष्क’च्या घराण्यातलं. तो सुकी मासळी विकत होता. बराच वेळ हसला आणि म्हणाला, “मंग आमच्या पाटीचं नाव बी सुखोई ठेवाया हरकत नाय.”

आपल्या वायुदलानं बाहेरून आणलेल्या विमानांची पुन्हा बारशी केली. जग्वारला ‘शमशेर’, मिग-२३ ला ‘विजय’, मिग-२७ ला ‘बहादूर’, मिग-२९ ला ‘बाझ’, खूप उंचावरून टेहळणी करणाऱ्या मिग-२५ ला ‘गरुड’, अवजड वाहतुकीच्या इल्यूशिन-७६ ला ‘गजराज’. १९५३ मध्ये आलेल्या फ्रेंच ‘ऊरागाँ’ विमानाचं आपण ‘तूफानी’ केलं, आणि हे भाषांतर अगदी चोख होतं. मिराजची गंमत मात्र वेगळी आहे. मिराज म्हणजे मृगजळ. फ्रेंचांनी ज्याला मृगजळ म्हटलं त्याला आपण वज्र म्हटलं. एक दिसतं पण नसतं, दुसरं असतं पण पडेपर्यंत दिसत नाही. यंत्र तेच.

माझे एक मामा नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. मिग-२१ तिथंच बनायची. या विमानाच्या वेगवेगळ्या रूपांना त्रिशूळ, विक्रम अशी भारदस्त नावं होती. मी मामांना विचारलं, “तुम्ही त्रिशूळ बनवायचात म्हणजे केवढा अभिमान वाटत असेल!” मामा म्हणाले, “अरे, शॉपमध्ये त्रिशूळ-बिशूळ कोण म्हणतंय? आम्ही सत्त्याहत्तर म्हणायचो. टाइप सत्त्याहत्तर. रिबीट नीट बसली का, गळती नाही ना, एवढंच बघायचं. नाव बाहेरच्या लोकांसाठी असतं.” थोडं थांबून म्हणाले, “आतल्या पोराला नावाचा काय उपयोग? त्याला रिबीट घट्ट लागते.”

याच विमानाला पुढं लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी आणखी एक नाव दिलं: उडती शवपेटी. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे सांगितले होते. ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती, आणि १७१ वैमानिक व ३९ नागरिक मेले होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला, तेव्हा त्याच्यावर उभं आयुष्य काढलेले वैमानिक डोळे पुसत होते. एकाच यंत्राला वायुदलानं त्रिशूळ म्हटलं, शत्रूच्या गोटानं माशांचा थर म्हटलं, कामगारानं सत्त्याहत्तर म्हटलं आणि लोकांनी शवपेटी. चारांतलं खरं कुठलं? मला मामांचं नाव सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात ना मिजास आहे ना शिवी. नुसतं काम आहे.

नावाची मिजास कशी उतरते, याची दोन उदाहरणं तर अशी आहेत की आजीला सांगितली असती तर तिनं मान डोलावली असती. इंग्रजांचं एक चिमुकलं लढाऊ विमान होतं, नाव ‘नॅट’. नॅट म्हणजे चिलट. गुरांच्या डोळ्यांभोवती घोंघावतं तेच. ज्या नमुन्यावरून ते बनलं त्याचं नाव ‘मिज’, तेही चिलटाच्याच जातीचं. १९६५ च्या युद्धात या चिलटानं पाकिस्तानची अमेरिकी बनावटीची ‘सेबर’ विमानं पाडली. सेबर म्हणजे वाकडी तलवार. तलवारीला चिलटानं खाली आणलं! पुढं आपण याच नॅटमध्ये सुधारणा करून नवं विमान केलं आणि नाव ठेवलं ‘अजित’, म्हणजे कधी न हरणारा. अजितच्या वाट्याला एकही युद्ध आलं नाही. जो कधी लढलाच नाही, तो हरणार तरी कसा? लढला तो चिलट.

दुसरं ‘दीपक’. नव्या पोरांना उडायला शिकवायचं विमान. दिवा दाखवणारा, म्हणून दीपक. शिकाऊ विमानाला याहून सुंदर नाव सुचणार नाही. पण त्याचं इंजिन हवेत बंद पडायचं. जुलै २००९ मध्ये असाच एक अपघात झाला, दोन वैमानिक गेले, आणि मग त्याचं उडणंच थांबवलं. नाव चांगलं असून यंत्र दगा देतं तेव्हा दुःख दुप्पट होतं. देवघरातला दिवा विझावा तसं.

इथपर्यंत सगळी गंमत आणि हळहळ. खरी अडचण पुढं आहे.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पहिला अणुबॉम्ब पडला. तो टाकणाऱ्या विमानाचं नाव ‘एनोला गे’. वैमानिक कर्नल पॉल टिबेट्स यांनी आपल्या आईचं नाव विमानाला दिलं होतं. विमानाच्या पोटात जो बॉम्ब होता त्याचं नाव ‘लिटल बॉय’, छोटा पोरगा. आता हे दोन्ही शब्द आपल्या भाषेत शेजारी शेजारी ठेवून बघा. आईच्या पोटातून पोरगं बाहेर पडलं आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं मेली. त्यांत आया होत्या, पोटुशा होत्या, शाळेत चाललेली पोरं होती. 

टिबेट्स यांचं आईवर प्रेम होतं, यात शंका नाही. वैमानिक झाल्यावर मुलानं आईचं नाव विमानावर रंगवावं, यात एरवी कुणाला काय खटकेल? आमच्याकडं ट्रकवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहितातच की. पण म्हणूनच मला हे विमानाचं सगळ्यांत वाईट नाव वाटतं. आई हा शब्द ज्या कामाला जुंपला, ते काम आईला दाखवता आलं असतं का? नाव ठेवताना हा प्रश्न कुणी विचारला नाही. दुसरा बॉम्ब तीन दिवसांनी नागासाकीवर पडला, त्याचं नाव ‘फॅट मॅन’, जाडा माणूस. मित्राला थट्टेनं हाक मारावी तसं. एवढ्या मोठ्या मरणाला असली घरगुती नावं का लागतात? मला वाटतं, हात कापू नये म्हणून. बोकडाला नाव दिलं तर हात कापतो, हे आजीला कळलं होतं. सुरीला लाडाचं नाव दिलं तर हात कापत नाही, हे त्यांना कळलं होतं.

खोट्या नावांची दुसरी जात शांतीची. युद्धानंतर अमेरिकेनं बी-३६ हे अवाढव्य बॉम्बफेकी विमान बनवलं. त्याला ‘पीसमेकर’, शांती करणारा, असं नाव सुचवलं गेलं. धार्मिक मंडळींनी हरकत घेतली म्हणून ते अधिकृत झालं नाही, तरी लोकांच्या तोंडी तेच चिकटलं. पुढं दहा अणुबॉम्ब वाहणाऱ्या एका क्षेपणास्त्राला तर उघडच ‘पीसकीपर’, शांतीचा रखवालदार, म्हटलं. आपण फार हसू नये. १९७४ च्या पोखरणच्या चाचणीला आपणही हसऱ्या बुद्धाचंच नाव दिलं होतं. 

आणि तिसरी जात त्याहून बोचणारी. अमेरिकेच्या लष्करात हेलिकॉप्टरना तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातींची नावं देण्याची रीत आहे: अपाची, चिनूक, कायोवा, लाकोटा. यांतली चिनूक आणि अपाची २०१९ पासून आपल्याही वायुदलात आहेत. अपाची आणि लाकोटा लोकांशी हेच लष्कर एकोणिसाव्या शतकात लढलं, त्यांना हरवलं, राखीव मुलखात कोंडलं. काही जमातींच्या वडीलधाऱ्यांनी या हेलिकॉप्टरना आशीर्वाद दिले, तेही खरं. आपल्या शौर्याची आठवण राहते, असं त्यांना वाटलं असेल. पण मी आपल्या डोंगराकडं बघतो. इथल्या पाड्यांवर वारली आहेत, कातकरी आहेत, मल्हार कोळी आहेत. उद्या कुणी हल्ला करणाऱ्या हेलिकॉप्टरचं नाव ‘कातकरी’ ठेवलं, आणि खाली त्या कातकऱ्याला घराखालची जमीन नावावर करून मिळत नसली, तर तो मान म्हणायचा की थट्टा? माणसाचं सगळं घ्यायचं आणि शेवटी नावही घ्यायचं, आणि त्याला सन्मान म्हणायचं, ही युक्ती आपल्यालाही परकी नाही.

हे सगळं मी एकदा शेजारच्या गावच्या एका निवृत्त सुभेदारांना सांगत होतो. कारगिलच्या वेळी ते द्रासला होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गुरुजी, तुमी सावलीत बसून नावांची चिरफाड करताय. आमी खडकाला चिकटून पडलो होतो. वरून मशिनगन. मान वर काढली का गेला. जूनच्या शेवटाला मिराज आली, टायगर हिलवर बॉम्ब पडले, तवा आमच्यातली पोरं रडली, आनंदानं. त्या विमानाचं नाव वज्र का धोंडा, कोनाला पडलंय? आन वज्र म्हटलं म्हनून एखाद्याच्या छातीत बळ आलं, तर तुमचं काय गेलं?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि आजही पुरतं नाही. ज्याला मरणाच्या तोंडावर चढायचं आहे त्याला धीर देणारा शब्द हवा असतो. ‘हर हर महादेव’ ही गर्जनाही शेवटी देवाचं नावच आहे. शिवरायांच्या भवानी तलवारीचं नाव घेताना आपली मान ताठ होतेच. विजापूरच्या तोफेचं नाव ‘मलिक-ए-मैदान’, रणांगणाचा राजा. जंजिऱ्याच्या तोफेचं ‘कलाल बांगडी’. शस्त्राला नाव देणं माणूस सोडणार नाही. आणि राखण करणाऱ्याला त्याचा धीर नाकारण्याचा अधिकार मला, सावलीत बसणाऱ्याला, नाही. 

पण सुभेदार तेवढ्यावर थांबले नाहीत. चहा आला. अर्धा कप पिऊन म्हणाले, “वर गेल्यावर त्यांची मेलेली मान्सं होती. त्यांच्या सरकारनं घ्यायला नाय म्हटलं. मंग आमीच पुरली. मौलवी आनले होते. सगळं रीतीनं केलं. पन पाटी लावायची तर काय लिवनार? नाव कोनाचं म्हाईत नाय. मला ते लय दिवस खटकलं. दुश्मन होता, पन बिननावाचा नव्हता ना. त्याच्या आयेनं ठेवलं असंल की काय तरी.”

सगळा प्रश्न मला त्या एका वाक्यात सापडला. शस्त्राला नाव द्यावं की नाही, हा वाद मिटणार नाही. पण शस्त्राला नाव आणि माणसाला आकडा, ही वाटणी मात्र नासकी आहे. आणि ती केवळ शत्रूच्याच वाट्याला येते असं नाही. पहिल्या महायुद्धात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून हजारो गडी गेले. साताऱ्याकडं, कोकणात, काही गावांत अजून इंग्रज सरकारनं बसवलेली संगमरवरी पाटी दिसते: या गावातून महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिला. बस्स. दोन आकडे. गाव दोन-तीनशे उंबऱ्यांचं, मेलेले पाच-सात. तेवढी नावं कोरायला दगड कमी पडला नसता. आपल्या भाषेनंही या कामात हात लावला आहे. लढाईत माणूस मेला की आपण म्हणतो ‘कामी आला’. कुणाच्या कामी, हे विचारत नाही. 

जपानी लोकांनी हिरोशिमात याच्या उलट केलं आहे. तिथल्या स्मारकाच्या कमानीखाली दगडी पेटी आहे. तिच्यात बॉम्बमुळे मेलेल्यांच्या नावांच्या वह्या आहेत. नंतरच्या वर्षांत जी माणसं वारली, त्यांची नावं दर ६ ऑगस्टला त्यांत भरली जातात. नावांचा आकडा तीन लाखांच्या पुढं गेला आहे. एका विमानाच्या नावाला एका गावानं दिलेलं हे उत्तर. लिहीत राहणं, दर वर्षी, हातानं.

आता देवीची गोष्ट. आमच्याकडं तिची दोन-तीन रूपं सांगतात, त्यांतलं एक असं. या भागात, जुन्या वडवलीच्या रानात, कलिकाल नावाचा असुर माजला होता. वसिष्ठ ऋषींनी देवीसाठी यज्ञ मांडला. त्यात इंद्राला आहुती द्यायची राहिली. इंद्राला राग आला आणि त्यानं यज्ञावरच वज्र फेकलं. ते वज्र साधं नव्हतं. दधीची ऋषींनी देवांच्या मागणीवरून देह ठेवला, त्यांच्या हाडांचं ते बनलेलं. वृत्रासुराला मारायला म्हणून मागून घेतलेलं शस्त्र आता मानापमानासाठी यज्ञावर निघालं होतं. ऋषींनी धावा केला, देवी प्रकटली, आणि तिनं ते वज्र गिळलं. म्हणून ती वज्रेश्वरी.

म्हणजे वज्र फेकलं इंद्रानं, आणि नाव पडलं देवीला. फेकण्याबद्दल नव्हे, गिळण्याबद्दल. तिनं पुढं असुरांनाही मारलं, असं कथा सांगते. ती काही नुसती शांतीची देवी नाही. पण तिचं नाव त्या मारण्यावरून पडलं नाही. चिमाजी अप्पांनी वसईच्या स्वारीत तिला नवस बोलला, १७३९ मध्ये वसई पडली, आणि नवस फेडायला किल्ल्यासारखं देऊळ उभं राहिलं. वसईच्या वेढ्यात मराठ्यांची माणसं हजारोंनी ‘कामी आली’. अप्पांचं नाव आपण घेतो, घ्यायलाच हवं. सुरुंग उडालेल्या तटावर पहिल्यांदा चढलेल्यांची नावं आपल्याला पाठ नाहीत.

आणखी एक वज्र आहे, ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. परमवीर चक्राच्या पदकावर चारही बाजूंनी इंद्राचं वज्र कोरलेलं आहे. ते पदक रेखाटलं सावित्रीबाई खानोलकरांनी. युरोपात जन्मलेली ही बाई विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इथलीच झाली, संस्कृत शिकली, आणि शौर्याचं चिन्ह निवडताना तिला दधीची आठवले. शस्त्राच्या तेजापेक्षा ज्याच्या हाडांचं ते बनलं त्याचं स्मरण त्या पदकावर आलं. वायुदलात हे पदक आजवर एकाच वैमानिकाला मिळालं आहे, निर्मलजित सिंग सेखों यांना, मरणोत्तर. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर ते जे विमान घेऊन एकटे झुंजले, त्याचं नाव चिलट होतं.

आता माझ्यापुरतं मोजमाप ठरलं आहे. ज्या नावात आई, बाळ, बुद्ध, शांती यांना जुंपलं आहे ते नाव वाईट, मग ते कुणाचंही असो, आपलंसुद्धा. हरवलेल्या माणसाचं उसनं घेतलेलं नाव त्याच्या शेजारी बसवावं. वारा, पाखरू, चिलट, ही नावं बरी. त्यांत फसवणूक नाही. वज्र हे नाव चांगलं, पण अट एकच: ते घेताना दधीचीची हाडं आठवली पाहिजेत, आणि ते परतही घेता आलं पाहिजे, हे इंद्रानं विसरता कामा नये.

नवी विमानं येत राहतील. मामा ज्या ओझरला सत्त्याहत्तर जोडायचे, तिथं आता तेजस बनू लागलं आहे. बारशी होत राहतील, मंत्री नारळ फोडतील, पोरं नावं पाठ करतील. करू देत. फक्त नाव ठेवणाऱ्यांनी त्याआधी एकदा आमच्याकडं यावं. देवळाच्या बावन्न पायऱ्या चढाव्यात, नगारखान्याखालून आत जावं, आणि फेकलेलं शस्त्र पोटात घेऊन जिनं त्याचंच नाव घेतलं, तिच्यासमोर क्षणभर उभं राहावं. मग सुचेल ते नाव ठेवावं.